साधी मेणबत्ती

चर्चच्या मातेच्या जत्रेत मेणवाल्याने लुर्दीनला पाहताच नवसाचा मेणाचा पाय पुढे केला. तिचा नवरा इनास माडावरून पडून पायांनी अधू झाल्यापासून दरसाल ती मातेला पायच वाहत आली होती.

“नको रे. साधी मेणबत्ती दे,” ती म्हणाली.

चाकाच्या खुर्चीतला इनास उसळला. “म्हणजे मी कायमचा खुर्चीतच?”

“ते मी कोण ठरवणार? आजवर देवबापाला हुकूमच सोडत आले, असंच कर म्हणून. दमले आता. त्याच्या मनात असेल तसं होवो.”

दरसाल पाय वाहिला की ती त्याचे पाय हलतात का बघायची. यंदा वेदीपुढे मेणबत्ती लावून तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. केस किती पिकले होते त्याचे!

“मेणवाल्याचा धंदा बुडवलास,” तो पुटपुटला.

कितीतरी वर्षांनी ती त्याच्या शेजारी निवांत टेकली.