दसऱ्याचा चष्मा

जोतिबा हवालदारानं चष्मा डोळ्यांवर चढवला, हातातली काठी बंदुकीसारखी खांद्याला लावली आणि दुकानात उभ्या उभ्या रस्त्यापलीकडच्या भोपळ्यावर नेम धरला.

भोपळे अल्लाबक्ष सतारमेकरचे होते. तंबोऱ्यांसाठी उन्हात वाळत ठेवलेले. त्यानं एकदा काठीकडं पाहिलं, एकदा हवालदाराच्या मिशांकडं पाहिलं आणि भोपळे उचलून आत न्यायला सुरुवात केली.

"एक तरी ऱ्हाऊ द्या की," जोतिबा म्हणाला.

"तडकलेला ठेवतो," अल्लाबक्ष म्हणाला. "बाकीच्यांना गाणं शिकायचंय."

याकूब चष्मेवाल्याला मिरजेत हे दुकान घालून बरीच वर्षं झाली होती. त्यानं शांतपणे दुसरा चष्मा पुढं केला. "हवालदार, ही फिकट हिरवी काच बघा. नेमाला हीच. ऊन मरतं, पण माशी बसली तर तिचे पाय दिसतात."

"टिकंल का?" हे रंगूबाईनं विचारलं. जोतिबाची बायको उंबऱ्याच्या आत बसली होती. कोरेगावहून गाडीनं येताना बांधून आणलेलं भाकरीचं गठुडं तिच्या मांडीवर होतं. "नेम वर्सातनं एकदा. बाकी रोज उसात जायचं हाय. म्हशीची धार काढायची हाय."

"वहिनी, म्हशीचा आणि चष्म्याचा काय संबंध?"

"शेपटी."

याकूब विचारात पडला. आजवर गिऱ्हाइकांनी धुळीचं विचारलं होतं, घामाचं विचारलं होतं. शेपटीचं कुणी विचारलं नव्हतं. त्यानं फळीवरून कचकड्याची एक जाड फ्रेम काढून दिली. रंगूबाईनं ती वाकवून बघितली, काड्या मिटल्या, फ्रेम जमिनीवर ठेवली आणि तिच्यावर बसली. बराच वेळ बसली. मधे गठुड्याची गाठसुद्धा सोडून पुन्हा बांधली. मग उठली. फ्रेम होती तशीच होती.

"ह्यो चालंल," ती म्हणाली.

"ह्यात हिरवी काच घाला," जोतिबा म्हणाला.

"घालतो. पण वर्षातून एकदा कसला नेम हवालदार?"

"दसऱ्याला गावाच्या शिवंवर झाडाला नारळ बांधत्यात. पल्टनीतनं आलेल्यानं त्यो पाटलाच्या बंदुकीनं फोडायचा, मगच लोक सोनं लुटत्यात. मावळतीकडं त्वांड करून उभं ऱ्हावं लागतं. ऊन सरळ डोळ्यांत."

"मग गेल्या साली?"

"गोळी देवळाच्या घंटेला लागली."

"मानसांनी हात जोडलं," रंगूबाई म्हणाली. "दोघं तर परसादाला थांबली."

याकूब हसला नाही, कारण जोतिबा हसला नव्हता.

"डोळ्यांतनं पानी वाहत हुतं," जोतिबा म्हणाला. "समद्या गावानं बघितलं. नानासो पाटील म्हनले, हवालदार रडतोय. औंदा परत तसं दिसलं तर बंदूक दुसऱ्याच्या हातात देनार. आता मी रडंन व्हय? लडाईत वाळवंटात ऱ्हाऊन डोळं नाजूक झाल्यात. ऊन सोसत न्हाई."

"मग हिरवीच घ्या. पाण्याचा थेंब येणार नाही."

"हिरव्यातनं डोळं दिसत्यात," रंगूबाई म्हणाली. "काळी न्हाई का? लय काळी?"

"आहे. पण ती आम्ही मोतीबिंदू काढलेल्यांना देतो, वहिनी. नेमाला कुणी घेत नाही."

"अगं, मला नारळ दिसाय नगो?" जोतिबा म्हणाला.

"नारळ दिसू दे की. नारळाशेजारी कोन उबं असतंय, त्ये दिसाय नगो."

जोतिबानं काठी खाली घेतली. मग तो उगीच काठीच्या टोकाकडं बघत राहिला.

"नारळ बनुमावशी बांधती," रंगूबाईनं याकूबला सांगितलं. "पल्टनीत गेलेल्या पोराच्या आईनं बांधायचा, अशी रीत हाय आमच्यात. तिचा ज्ञानू आन हे संगंच लडाईवर गेलते. हे एकलेच माघारी आले. मावशी म्हनती, आपला मान आपून सोडनार न्हाई."

याकूबनं कचकड्याच्या फ्रेममध्ये सगळ्यांत काळी काच बसवली, दोन्ही बाजूंनी पुसली आणि चष्मा स्वतःच्या हातानं जोतिबाच्या कानांवर चढवला. जोतिबानं पुन्हा काठी खांद्याला लावली. समोर उन्हात तडकलेला भोपळा एकटाच होता. अल्लाबक्ष मागं पडवीच्या सावलीत उभा राहून, हे संपणार कधी, अशी हातानं खूण करत होता.

"काय दिसतंय?" रंगूबाईनं विचारलं.

"भोपळा दिसतोय."

"आन त्ये पडवीतलं भाई?"

जोतिबानं नीट बघितलं. "न्हाई. त्ये न्हाई दिसत."

"मग झालं." तिनं वाकून त्याच्या तोंडाकडं पाहिलं, या बाजूनं आणि त्या बाजूनं. काचेत तिला तिचं कुंकू तेवढं दिसलं. "याकूबभाई, असाच आनखी एक द्या."

"तुम्हाला, वहिनी?"

"बनुमावशीला."

जोतिबानं काठी खांद्यावरून काढली. चष्मा मात्र काढला नाही. "अगं, मावशी माझ्याकडं त्वांड करून उबी असती. तिचं ऊन पाठीवर पडतं."

"मला ठावं हाय," रंगूबाई म्हणाली, आणि दुसरी फ्रेम जमिनीवर ठेवून तिच्यावर बसली.