फोटोतलं कपाळ

नव्या नोकरीसाठी लॅबच्या ऑफिसात वर्क परमिटचं कार्ड टेबलावर ठेवताना ऋजुता दचकली. तिच्या फोटोच्या कपाळावर कुंकू होतं, आणि ते पसरून नंबरावर गेलं होतं.

तिने घरी फोन लावला. "आई, कार्डाची पूजा केलीस?"

"मग? तिसऱ्या वर्षी आणलं तुला अमेरिकेत, तेही कागदपत्रांविना. आता निदान दोन वर्षं तरी कोणी परत पाठवणार नाही, नोकरीही करता येईल. देवापुढे नको ठेवू?"

"अगं, नंबर वाचता आला नाही तर लॅबमध्ये घेणार नाहीत मला."

टेबलापलीकडच्या बाईंना मराठी कळत नव्हतं, पण सूर कळला. "आई का?" असं विचारत त्यांनी टिश्यूने नंबर तेवढा पुसला आणि टाइप केला. "माझ्या आईने तर माझ्या कार्डावर चर्चमधलं पाणी शिंपडलं होतं."

मग त्या कार्ड न्याहाळत राहिल्या. "फोटो मात्र तुमच्याशी जुळत नाही."

ऋजुताचा चेहरा उतरला. बाई हसू दाबत स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून दाखवत होत्या.

ऋजुताने फोटोवरचं कुंकू बोटावर घेतलं आणि भुवयांमध्ये टेकवलं. बाईंनी लॅबच्या ओळखपत्रासाठी कॅमेरा उचलला.