चुकलेला ठेका

“हाई तूच लिखेल शे ना, भाऊ?”

फुलवंताबाईने वर्तमानपत्राची घडी अरिहंतच्या गादीवर ठेवली. नंदुरबारच्या पथारीवर, मिरच्या वाळवायच्या मैदानात, ती मिरच्यांचे देठ खुडते. बोटं कायमची लाल. दिग्दर्शक वसीमच्या अहिराणी चित्रपटात लेक गमावलेली आई तिने केली होती.

अरिहंतने मान डोलावली. कापडाचं दुकान वडिलांचं, चित्रपट परीक्षणं त्याची. प्रत्येक परीक्षण एकाच वाक्याने सुरू होई : ‘बावीस वर्षं मी पडद्यासमोर बसतो आहे.’ फुकटचा पास तो घेत नसे. चित्रपट दोनदा बघे, दुसऱ्यांदा वही घेऊन. म्हणून तर टॉकीजवाले चुनीलालशेठ त्याचा शब्द प्रमाण मानत. आज सकाळीच त्यांनी वसीमचं पोस्टर उतरवलं होतं.

लिहिलं होतं : ‘कीर्तनाच्या प्रसंगात चित्रपट कोसळतो. मुलगी गेलेली आई चक्क ठेका धरते! तोही चुकीचा. मृदंग एकीकडे, हात दुसरीकडे. हात मांडीला टेकतसुद्धा नाही. बावीस वर्षांत इतका खोटा हात पाहिला नाही.’

“वसीमभाऊले आते कोण पिक्चर करू दी?” ती म्हणाली. “तू लिखी टाक, चूक मन्ही शे. त्यानी सांगेल व्हतं, हात जोडीसन बस. मन्हा हातनी ऐकं नही.”

“पण का?”

“मन्ही सोनम गयी, तवयपाईन मी कीर्तनले गयी नव्हती. नऊ वरीस. पोरले भारी गोडी व्हती कीर्तननी. त्या दिवसे शूटिंगमा मृदंग वाजना, आनि हात आपोआप...” तिने पदर तोंडाला लावला.

अरिहंतचा आवाज मऊ झाला. “ताई, खरं दुःख निराळं, पडद्यावरचं निराळं. तिथे हात ठेक्यातच पडावा लागतो. दाखवा बरं, कसा धरला होता?”

ती दुकानाच्या पायरीवरच बसली. मांडी घातली. डोळे मिटले. लाल हात हलके हलके खाली येऊ लागला. दर वेळी मांडीच्या वीतभर वर थांबू लागला.

“बघा. टेकतच नाही,” अरिहंत म्हणाला.

“हळू बोल,” ती कुजबुजली. हात थांबला नाही. “टेकी कसा, भाऊ? मांडीवर सोनम निजेल ऱ्हास ना.”