डाव्या पायाची चढाई

"डावा पाय म्हणलं ना बे! उजवा कायले पुढं करतेस?" गोपीचंद सरांनी हातातली शिट्टीच फेकून मारली.

तेजरामने ती मातीतून उचलली, पुसून परत दिली आणि पुन्हा 'कबड्डी कबड्डी' करत आत शिरला. दोनदा मांडी थोपटायची, उजवीकडे झुकल्यासारखं करायचं आणि डावा पाय कोपऱ्यातल्या गड्यावर झाडायचा. पाच महिने हीच एक चढाई. दुसरी करायचीच नाही.

त्याआधी कोंढा गावच्या या पोराला काळं कुत्रं विचारत नव्हतं. कॉलेजात नाव होतं, पण टीममध्ये घ्या म्हणून दोन वर्षं तो मैदानाच्या कडेला ताटकळला. मग ऐन भाताच्या रोवणीत सरच सायकल हाणत त्याच्या शेतावर, बांधीवर आले. त्याला चिखलातून बाहेर बोलावलं, खांदे दाबून पाहिले, काठीने उंची मोजली.

"अगदी असाच पाह्यजे होता मले," सर म्हणाले.

त्याच्या मायने, वच्छलाबाईने, धुऱ्यावरच हात जोडले. "असा गुरू भेटाले नशीब लागते जी," ती म्हणाली आणि रडली.

सरांच्या तेवढ्या शब्दावर तेजरामने चपराशाची नोकरी सोडली. मामाने, आनंदरावने, दहा जणांच्या हातापाया पडून ती ठरवली होती. मामा भडकलाच.

"हातचं सोडून पळत्याच्या मागं लागतेस काय बे?"

"मामाजी, जानेवारीत पोलीस भरती हाय. कॉलेजकडून एक मॅच खेळलो का खेळाडूचं सर्टिफिकेट भेटते. सरायनं शब्द देला हाय."

"मॅचमंदी उतरवीन म्हणले काय?"

"तयार करतो म्हणले."

सर जीव लावत होते, यात खोट नाही. घरच्या म्हशीचं दूध रोज लोटीभर आणत. पण एकदा तेजरामला राहवलं नाही. चढाईत तो भलतीकडेच वळला आणि तिघांना बाद करून आला. पोरांनी टाळ्या पिटल्या. सरांनी खाडकन कानाखाली वाजवली.

"लय शहाणा झाला काय? सांगतलं तेवढंच करायचं!"

गाल चोळत तो पुन्हा रेषेवर जाऊन उभा राहिला. गुरूचा मार म्हणजे प्रसाद, असं मानणारं भाबडं पोर ते.

सुरुवातीला तो कुणाच्या हाती लागत नसे. दिवाळीनंतर मात्र दर चढाईत पकडला जाऊ लागला. त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. सर उलट खुशीत येऊन म्हणायचे, "बेस हाय, बेस हाय!" किती मोठं मन, असं त्याला वाटायचं.

डिसेंबरात तुमसर कॉलेजच्या टीमशी फायनल लागली. सरांनी तेजरामला कोरी बनियन दिली आणि बाकावर बसवलं.

"मी कधी उतरू जी?"

"धीर धर."

तुमसरकडून भोजराज आला. सलग दोन वर्षं याच गड्याने एकट्याने फायनल मारून नेली होती. उंची, खांदे, सगळं तेजरामसारखं. त्याने दोनदा मांडी थोपटली. उजवीकडे झुकला. बाकावर बसलेल्या तेजरामचा डावा पाय आपोआप पुढे सरकला. पण भोजराजचा पाय सुटायच्या आतच कोपऱ्यातल्या, रोज तेजरामलाच धरणाऱ्या सुखरामने घोटा धरला होता.

भोजराज सहा वेळा आला आणि सहाही वेळा मातीत गेला. मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. मॅच संपली, ढोल वाजला, पोरांनी सरांना खांद्यावर घेतलं. तेजरामच्या बनियनीला मातीचा कणही लागला नव्हता.

गर्दी पांगल्यावर तो सरांपुढे उभा राहिला.

"सर, मी तं उतरलोच नाई. माह्या सर्टिफिकेटचं काय जी?"

सरांनी त्याला छातीशी धरलं. डोळ्यांत खरंच पाणी होतं त्यांच्या.

"अर्धी ट्रॉफी तुही हाय, तेजा. आता भोजराज यंदा कॉलेज पास होऊन जाते, अन् त्याच्या जागी जो गडी येऊन राहिला तो उजव्या पायानं मारते. उद्यापासून उजवा पाय सुरू कर."