पहिला पक्षकार

"पक्षकार आणणं म्हणजे काय मोठी गोष्ट हाय? दोन दिवसांत ऑफिसच्या दारात लाईन लावतो का नाही पाहा!"

वैभव सोमवारी छाती ठोकून असं म्हणाला होता. आज शनिवार उजाडला, आणि लाईन सोडा, दारात कुत्रंही फिरकलं नव्हतं.

पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून भगवंतराव वकिलांना मोठं व्हायची घाई झाली होती. नवा बोर्ड रंगवायला टाकला होता आणि त्यात एक जागा रिकामी ठेवली होती. जो ज्युनियर रविवारच्या आत नवा पक्षकार आणेल, त्याचं नाव तिथं लागणार. ज्युनियर दोनच, वैभव आणि शीतल. शीतलला घाई नव्हती. वैभवला होती, कारण रविवारी सौंसरचे कापसाचे दलाल दादाराव तो बोर्ड पाहायला येणार होते.

"ज्याचं नाव बोर्डावर नाही, तो वकील कायचा? अन् त्याले मी माही पोरगी उर्वशी कायले देऊ?" असं त्यांनी चहा पिता पिता हसत सांगितलं होतं. उर्वशी मात्र हसली नव्हती.

अडचण अशी, की वकिलाला गिऱ्हाईक शोधत फिरायला बंदी. त्यावर भगवंतरावांनी उपाय काढून ठेवला होता.

"वकील हाय म्हणून सांगाचंच नाही. साधा शर्ट घालाचा. पयले आपलं दुखणं सांगाचं, मंग समोरच्याचं आपोआप निंघते. मंग हळूच म्हणाचं, माह्या ओळखीचे एक वकील हायेत."

"अन् आपलं दुखणं नसलं त?" शीतलनं विचारलं.

"तयार कराचं वो बाई! वकिली शिकली का भजन?"

मंगळवारी वैभवनं मोहगावात दोन भांडखोर भाऊ हेरले. त्यांना चहा पाजला, पोहे चारले, धाकट्याला चांगला पेटवला. पोहे संपेपर्यंत दोघांचं जुळलं, आणि "आमच्यात भांडण लावतं काहून बे?" म्हणत दोघांनी मिळून त्याला स्टँडपर्यंत पळवलं. गुरुवारी एक हैराण माणूस हाती लागला, पण त्याला वकील नको होता, पंक्चर काढणारा हवा होता.

म्हणून आज लोधीखेड्याच्या बस स्टँडवर तो म्हातारा दिसला, तेव्हा वैभवचा जीव वरखाली झाला. पांढरी टोपी, पांढऱ्या मिशा, मांडीवर पिशवी, आणि चेहरा असा की जसं घरच जळालं. वैभव त्याला चिटकून बसला.

"काय जी काका, लय टेन्शनमध्ये दिसून राहिले?"

"काय सांगू बापू." म्हाताऱ्यानं सुस्कारा सोडला. "वावराच्या धुऱ्याचं, बांधाचं भांडण हाय. शेजाऱ्यानं कोरत कोरत संत्र्याची अख्खी ओळ आपल्यात घेतली."

वैभवला बाकावर बसवेना. तरी त्यानं रीत सोडली नाही. पहिले आपलं दुखणं.

"काका, माह्यं बी तेच! मोहगावले वावर हाय आमचं. त्याचा धुरा..."

"कोनं कोरला?" म्हातारा एकदम सरसावला.

आता नाव आलं. आठवडाभर वैभवच्या डोक्यात एकच नाव भुणभुणत होतं, तेच तोंडातून निघालं.

"सौंसरच्या दादारावनं."

"कापसाचे दलाल?"

"हाव, तेच."

दादारावांचं मोहगावात हातभरही वावर नव्हतं.

बस आली. दोघं एकाच सीटवर बसले. म्हाताऱ्याचं नाव नत्थूजी. ते खोदून खोदून विचारत होते. मोजणी झाली का? पटवारी काय म्हणते? पाहणारं कोन होतं? दुसऱ्याचं रडगाणं ऐकून म्हाताऱ्याला बरं वाटून राहिलं, असं समजून वैभवनं जीभ सैल सोडली. सौंसर येईपर्यंत दादारावांनी धुऱ्यावरची झाडं तोडली होती, विहिरीवरची मोटर नेली होती आणि वैभवच्या आईला शिव्याही दिल्या होत्या.

"हे राम! पूरं नाव काय तुमचं?" नत्थूजी मोबाईलवर बोट फिरवत म्हणाले.

"वैभव रवींद्र ढोके. काका, माह्या ओळखीचे एक वकील हायेत..."

नत्थूजींचा चेहरा फुलला. "माह्या मनातलं बोलले! याले वकीलच पाहिजे. पन पयले सौंसरले घडीभर उतरू."

"घडीभरच हां."

वैभवनं शीतलला मेसेज टाकला, "पेंटरले माह्यं नाव सांगून दे." उतरताना म्हातारा गर्दीत निसटू नये म्हणून त्यानं त्याचा हात घट्ट धरला. नत्थूजींनीही त्याचा हात तितकाच घट्ट धरला होता.

बाजारामागचा एक जिना नत्थूजी झरझर चढले. वर फायलींचं कपाट, आणि त्यासमोर काळ्या कोटात एक वकीलसाहेब. वैभवनं नत्थूजींना मागं ओढलं. आपलं गिऱ्हाईक पळवते हा!

"काका, इथं नाही! आपले वकील पांढुर्ण्याले हायेत!"

"शाब्बास नत्थूजी!" वकीलसाहेब उठूनच उभे राहिले. "मास्तरकीतून रिटायर होऊन एलएलबी केलं, अन् आज पयला पक्षकार आणला! ठरल्यापरमानं पंख्याखालचं टेबल तुमचं."

नत्थूजींनी टोपी काढून पिशवीत ठेवली आणि पिशवीतला काळा कोट अंगात चढवला.

"अन् तुमचा धुरा?" वैभव कसाबसा म्हणाला.

"माह्यं त वावरच नाही, बापू."

"नत्थूजी, तुमी बसमधून लिहून धाडलं, ते सगळं वाचलं मी," वकीलसाहेबांनी फोन उचलला. "नोटीस मंग देऊ. पयले सामनेवाल्याले एक फोन, असा आपला रिवाज हाय."

वैभवला "साहेब, मी..." याच्या पुढे काही सुचेपर्यंत फोन लागला. दादाराव आंघोळीला गेले होते, म्हणून वकीलसाहेबांनी धुरा, झाडं, मोटर आणि आईला दिलेल्या शिव्या, सगळा निरोप पक्षकाराच्या पूर्ण नावासकट ठेवला. फोन उर्वशीनं उचलला होता. तिनं नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं.