सासूबाई जेवेनात

"परत दोन्ही छापेच! आई जेवत नाहीये," कबरीवरची नाणी उचलत नवरा म्हणाला.

चिनी लोक छिंगमिंगला कबरी झाडून पितरांना जेवू घालतात. दोन नाणी टाकायची. एक छापा, एक काटा पडला की ते जेवले. मग आपण बसायचं. माझा माझगावचा चिनी नवरा हे नेमाने पाळायचा. सासूबाई गेल्या, त्या वर्षी डंपलिंग मी केली. हयातभर त्यांनी माझ्या डंपलिंगांना नावं ठेवली होती: "केवढी जाड पारी!"

सहाव्यांदाही छापेच. "आई उपाशी राहणार गं," नवरा रडवेला झाला.

कावळा शिवेना की आमच्याकडे काय करतात, मला ठाऊक होतं. मी हात जोडले. "आई, तुमच्यासारखी डंपलिंग मला जन्मात जमायची नाहीत."

छापा, काटा!

"अहो, बसा पटकन," मी म्हटलं. थाप त्यांच्या लक्षात यायच्या आत जेवून घ्यायला हवं होतं.