दादाचा फेज

कुंडलच्या नानासोनं नवा एसी बसवला आणि रोज दुपारी त्याच्या भागातला खटका पडू लागला. शेवटी त्यानं धनाजी वायरमनला बोलावलं. घराच्या वाटणीत तिघा भावांना एकेक फेज आला होता. त्यातला थोरला वीरधवल गेल्या साली वारला, तेव्हापासून त्याची खोली कुलूपबंद होती आणि त्याची बायको नानासोच्या भागात राहत होती.

"दादाचा फेज मोकळाच हाय. माझा एसी त्याच्यावर टाक," नानासो म्हणाला.

धनाजीलाही ते पटलं. सगळा भार एकाच फेजवर कशाला? फक्त खात्री करावी म्हणून त्यानं वीरधवलच्या वायरीला भार मोजायच्या मीटरचा चिमटा लावला आणि आकडा बघून धनाजी चमकला. त्या वायरीवर पुरता भार होता.

"आत काय चालू हाय का?"

"छ्या! बल्बसुदीक काढून ठेवलाय."

कुठंतरी चुकून जोड लागला असंल, म्हणून धनाजीनं तो खटका खाली पाडला. तशी कुलपाआडच्या खोलीत खाट करकरली. झोपलेलं माणूस उठून बसावं, तशी.

मागच्या दारानं वीरधवलची बायको दीपमाला ओल्या हातांनी धावत आली.

"खटका वर करा, भाऊ," ती हळू आवाजात म्हणाली. "आत्ता कुठं डोळा लागला व्हता ह्यांचा."

नानासो त्या कुलपाकडं बघतच राहिला. धनाजीनं खटका वर केला, पॅनेलचं झाकण लावलं आणि हत्यारं पिशवीत भरली.

"नानासो," तो म्हणाला, "ह्या फेजवर जागा न्हाई."